जातेबाई

घराबाहेर पडताना 'जाते' म्हणणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. आपल्याकडे जाणारा माणूस 'येतो' म्हणतो. बदली झालेला साहेब 'येतो' म्हणतो, निवडणूक हरलेला उमेदवार 'येतो' म्हणतो, आणि ज्याचं तोंड पुन्हा पाहायची घरात कोणाचीच इच्छा नाही असा पाहुणाही चपला घालताना 'येतो हं' म्हणून जातो. ही बाई मात्र कोपऱ्यावर कोथिंबीर आणायला निघाली तरी दारात थांबून खणखणीत आवाजात म्हणायची, "जाते. अर्ध्या तासात वापस." आणि अर्ध्या तासात परत यायची. कोराडीच्या आमच्या कॉलनीतल्या पोरांनी तिचं नाव 'जातेबाई' ठेवलं. नव्याने बदलून आलेल्यांना वाटे, बाईंच्या घरात दळायचं जातं असावं. हे नाव बाईंच्या कानावर गेलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बरोबर आहे. दळणच आहे माझं ते."

बाई कॉलनीच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या, मी मराठी. वीज केंद्राच्या क्वार्टर्समध्ये त्या पहिल्या मजल्यावर राहत, मी त्यांच्या बरोबर खाली. यजमान कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यांवर शिफ्ट ड्यूटीला. मुलगा एकच, तथागत. हाक मारायला तथू. तथू स्वमग्न होता. हा शब्द मी आज सहज लिहितो, पण तेव्हा कॉलनीत तो कोणाला माहीत नव्हता, आणि माहीत झाल्यावरही फारसा फरक पडला नाही. आधी लोक विचारत, असं कसं हो झालं. नंतर विचारू लागले, मोबाईल फार दाखवला का? 'बाई नोकरी करत होत्या ना,' हे मात्र दोन्ही काळांत कायम राहिलं.

तथू बोलायचा थोडं, आणि बहुतेक वेळा दुसऱ्याचंच वाक्य परत करायचा. त्याला तहान लागली की तो आपल्याला विचारायचा, "पाणी पाहिजे का?" त्याच्या लेखी शब्दाला एकच अर्थ असे, आणि बोललेलं खोटं असू शकतं याची त्याला कल्पना नव्हती. तो सहा-सात वर्षांचा असताना बाईंचे वडील नरखेडकडच्या गावाहून संत्र्यांची पिशवी घेऊन आले, चार दिवस राहिले आणि निघताना नातवाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "येतो रे तथू." ते गावी गेले आणि त्याच आठवड्यात बागेतल्या विहिरीवर, पंप चालू करता करता, बसल्या जागी गेले. इकडे तथू बिल्डिंगच्या फाटकाशी उभा राहू लागला. आधी संध्याकाळी, मग सकाळपासून. मार्चचा एप्रिल झाला, ऊन चढलं, तरी तो जागचा हलेना. उचलून आत आणला तर भिंतीवर डोकं आपटायचा. शेवटी ऊन लागून दवाखान्यात सलाईनवर गेला, तेव्हाच ते फाटक सुटलं.

दवाखान्यातून आणल्यावर बाईंनी दाराशेजारी भिंतीवर एक फळी ठोकली. तिचे कप्पे पाडले. वरच्या कप्प्यावर लिहिलं 'घरी', मधल्यावर 'बाहेर'. घरच्या माणसांचे फोटो प्लास्टिकमध्ये घालून त्यांना मागून चिकटपट्टी लावली. जो बाहेर पडेल त्याने 'जातो' म्हणायचं, कधी परत येणार ते सांगायचं, आणि आपला फोटो तथूच्या हातून 'घरी'मधून 'बाहेर'मध्ये हलवून घ्यायचा. मी रोज चहाला वर जायचो म्हणून माझाही फोटो मागून घेतला. तो पासपोर्टचा होता आणि त्यात मी पोलिसांना हवा असल्यासारखा दिसतो. फळीचा सगळ्यात खालचा कप्पा मोकळा होता. त्यावर काय लिहावं यावर घरात बराच खल झाला. शेजारच्या एकीने सुचवलं, 'देवाघरी' लिहा. बाई म्हणाल्या, "आणि तो म्हणाला चला तिथं, तर कोणत्या बसनं नेऊ?" त्यांनी लिहिलं 'नाही', आणि वडिलांचा फोटो स्वतःच्या हाताने तिथे लावला. "आजोबा नाही," एवढंच म्हणाल्या. तथू त्या फोटोवरून बराच वेळ बोट फिरवत राहिला. त्याला काय समजलं ते कोणीच सांगू शकणार नाही. आजोबांसाठी उभं राहणं थांबलं, एवढं खरं.

तेव्हापासून बाईंनी 'येतो' या शब्दाविरुद्ध मोहीम उघडली. शिक्षकांच्या खोलीत एकदा त्यांनी मला सगळ्यांदेखत धरलं. "सर, तुमच्या व्याकरणात 'येते' म्हणजे कोणता काळ?"

मी म्हटलं, वर्तमानकाळ.

"मंग माणूस जाऊन काहून राहिला असते?"

मी म्हटलं, तो संकेत आहे. 'जातो' म्हणणं आपल्याकडे अशुभ मानतात.

"तुम्हाले संकेत कळते. त्याले कसा शिकवू? धड्यात आहे का कुठं?"

धड्यात नव्हता. पंधरा वर्षं मी मराठी शिकवत होतो, आणि भाषेतलं सगळ्यात जास्त बोललं जाणारं खोटं एका विज्ञानाच्या बाईने मला दाखवून दिलं.

दूधवाला, सिलिंडरवाला, मीटर पाहायला येणारा, सगळ्यांना बाईंनी 'जातो' म्हणायला लावलं. सिलिंडरवाला म्हणाला, "बाई, मी जातो म्हणलो आन् गाडीखाली आलो तर?" बाई म्हणाल्या, "तू येतो म्हणून गाडीखाली आला तर पोरगं माझं उभं राहते." त्यांच्या माहेरचे लोक आले की निम्मं काम सोपं असे, कारण 'जयभीम' येतानाही चालतो आणि जातानाही. पण एखादी मावशी जयभीम घालून जिन्यापर्यंत जायची आणि मायेने वळून 'येते वं' म्हणायची, की बाई तिला वर परत बोलावून 'जाते' म्हणायला लावायच्या. मावशी रागावून जायच्या. काही पुन्हा आल्याच नाहीत. त्या दृष्टीने त्यांचं 'जाते' खरं ठरलं.

मी त्यांना एकदा सांगितलं की 'तथागत' या शब्दाची फोडसुद्धा पंडित दोन तऱ्हांनी करतात. कोणी म्हणतं 'तसा गेलेला', कोणी म्हणतं 'तसा आलेला'. बाई खूप हसल्या. त्यांना असं हसताना मी फार वेळा पाहिलेलं नाही. "म्हणजे अडीच हजार वर्षं झाली, जाणं का येणं तेच ठरून नाई राहिलं," त्या म्हणाल्या, "आन् मी पोराले एका वर्षात शिकवून राहिली."

शाळेत तथूला प्रवेश मिळाला तो समारंभपूर्वक. आमच्या मुख्याध्यापकांना साध्या गोष्टी करता येत नसत. 'सर्वसमावेशक शाळा' असा फलक लागला, फुगे लागले, आणि कोणी एक पाहुणे आले, ज्यांचं पद काय होतं ते निवेदकालाही शेवटपर्यंत नीट सांगता आलं नाही. पाहुणे म्हणाले, ही मुलं म्हणजे देवाघरची फुलं. माझ्या शेजारी बसलेल्या बाई पुटपुटल्या, "फुलं असती तर पाणी टाकून मोकळी झाली असती मी." मग पाहुण्यांनी अशा मुलांसाठी शाळेला वेगळी शांत खोली बांधून द्यायचं जाहीर केलं आणि म्हणाले, "उद्याच माणूस घेऊन येतो." टाळ्या झाल्या. त्या अख्ख्या सभेत पाहुण्यांवर विश्वास ठेवणारा एकटा तथू निघाला. दुसऱ्या दिवशी तो वर्गात जाईना. शाळेच्या फाटकाशी उभा. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी बाईंनी वर्तमानपत्रातून पाहुण्यांचा शाल-नारळासह फोटो कापला आणि घरच्या फळीवर 'नाही'च्या कप्प्यात, आपल्या वडिलांच्या शेजारी लावला. तथू मुकाट्याने वर्गात गेला. मी म्हटलं, अहो, गृहस्थ जिवंत आहेत. बाई म्हणाल्या, "येणार नाई ना? मंग तथूसाठी नाईच तो."

शांत खोली अर्थातच झाली नाही. शाळेची विजेची घंटा वाजली की तथू कानावर हात दाबून ओरडायचा. बाईंचं मागणं एवढंच होतं की घंटेच्या आधी कोणीतरी त्याला सांगावं, म्हणजे तो तयार राहील. मुख्याध्यापकांनी या विषयावर समिती नेमली. समितीचा अहवाल यायच्या आत पालकांची तक्रार आली की त्या मुलामुळे आमच्या मुलांचं लक्ष लागत नाही. मग ठरलं, घरचं कोणी त्याच्याजवळ बसणार असेल तरच त्याला ठेवता येईल. बाईंनी नोकरी सोडली आणि ज्या वर्गाला त्या शिकवत होत्या तिथेच शेवटच्या बाकावर मुलाजवळ बसू लागल्या. घंटेच्या जरा आधी त्या त्याच्या कानाशी लागून म्हणत, "घंटी येऊन राहिली." तथू कानावर हात ठेवायचा, घंटा वाजायची, तो हात काढायचा. ओरडणं बंद झालं. 'येऊन राहिली' हे शब्द त्याला आवडत असावेत, कारण त्यांच्यामागून दर वेळी खरंच काहीतरी येत असे.

आठवीनंतर शाळेने त्याच्यासाठी 'अधिक अनुरूप अशा संस्थेची' शिफारस केली. म्हणजे काढलं. निरोपसमारंभ मात्र ठेवला होता. बाई गेल्या नाहीत. पुढे त्या त्याला रोज बसने शहरातल्या एका केंद्रात नेत. गर्दीत कोणाचा धक्का लागला की तो स्वतःचा हात चावायचा, आणि बसमधले लोक बाईंना पोर कसं वाढवावं ते सांगायचे. तिथे तो तीन गोष्टी शिकला: बटणं लावणं, कपडे घडी करणं, आपली थाळी धुणं. पुढे केंद्र चालवणाऱ्या बाई मुलाकडे परगावी राहायला गेल्या आणि केंद्र बंद पडलं. त्याच्या वयाच्या मुलासाठी दुसरं काही मिळालं नाही. लहान स्वमग्न मुलांसाठी निदान फुगे तरी असतात. मिसरूड फुटलेल्या, मध्येच ओरडणाऱ्या, अंगाने बापाएवढ्या झालेल्या मुलाला कोणी देवाघरचं फूल म्हणत नाही.

या वर्षांत बाईंनी माझ्याजवळ एकदाच मन मोकळं केलं. फळीवरच्या फोटोंवरची वीज केंद्राची राख पुसत होत्या. कोराडीत ती सगळ्याच वस्तूंवर बसते, आणि त्या रोज पुसत. पाठमोऱ्याच बोलल्या. "सर, लोक विचारतात, तुमच्यानंतर याचं कसं. जेवण याचे बाबा देतील, नाई तर कोणी देईल. तेवढ्याची मले चिंता नाई. मी मेल्यावर हा फाटकाशी उभा राहू नये, बस. त्याले कळलं पाहिजे का आई नाई. दुसरं काही मांगत नाई मी."

मागितलं तेही फार ठरलं. बाईंना कॅन्सर निघाला, आणि निघाला तेव्हाच डॉक्टर नजर चुकवून बोलू लागले. बाईंनी घरी येऊन तथूचा धडा सुरू केला. स्वतःचा फोटो त्या 'नाही'च्या कप्प्यात लावत आणि म्हणत, "आई नाही." तथू तो काढून 'घरी'मध्ये लावायचा. त्या परत खाली लावत, तो परत वर. त्याचा चेहरा लाल व्हायचा, पण फोटो चुकीच्या जागी राहू द्यायचा नाही. काही दिवसांनी बाईंनीच नाद सोडला. मला म्हणाल्या, "बरोबरच करून राहिला ना तो. मी समोर उभी आहे तर तो कसं मानंल? मीच त्याले खरं शिकवलं. आता खोटं शिकवाले गेली तर शिकून नाई राहिला."

मग त्यांनी दुसरा मार्ग काढला, आणि तो यजमानांना आणि मला समोर बसवून समजावून सांगितला. दवाखान्यात शेवटचं न्यायची वेळ येईल तेव्हा त्या नुसतं 'जाते' म्हणतील. 'वापस' कधी ते सांगणार नाहीत. तसं त्या आजवर कधी म्हणाल्या नव्हत्या, म्हणून तथूला त्यातला फरक कळेल. नंतर बाबांनी फोटो खाली लावायचा आणि 'आई नाही' म्हणायचं. उगाच 'आई झोपली', 'आई तारा झाली' असलं काही बोलायचं नाही. यजमान मान हलवत राहिले. हा माणूस कोळशाच्या धुळीत उभं आयुष्य काढून कधी खोकला नव्हता; त्या दिवशी त्यांना ठसका लागला तो थांबेना. उठून पाणी प्यायला गेले ते बाई झोपेपर्यंत बाहेर आलेच नाहीत.

न्यायची वेळ आली ती एका दुपारी. मी गाडी ठरवून आणली होती. नरखेडकडून बाईंची म्हातारी आई आलेली होती. नवऱ्याला निरोप दिलेली, आणि आता लेकीच्या दारात उभी. बाई यजमानांच्या आधाराने उंबऱ्यापर्यंत आल्या. वजन उरलं नव्हतं, पण साडी नीट नेसल्या होत्या. तथू फळीपाशी तयार उभा होता. त्याने आईचा फोटो काढून हातात धरला होता आणि तो तिच्या तोंडाकडे पाहत होता. पुढचे शब्द काय असणार ते त्याला ठाऊक होतं. कधी परत येणार, एवढंच ऐकायचं होतं.

बाई म्हणाल्या, "जाते."

आणि थांबल्या. ठरल्याप्रमाणे पुढे काही बोलल्या नाहीत. तथूच्या हातातला फोटो तसाच राहिला. तो वाट पाहत होता.

तेवढ्यात म्हातारीने लेकीचा दंड धरला. तिला हा सगळा बेत माहीत असायचं कारण नव्हतं, आणि माहीत असता तरी तिने ऐकला नसता. ती रडत नव्हती. हळू आवाजात, लहान मुलीला समजवावं तशी म्हणाली, "असं जाऊ नोको वं माय. आज तरी येते म्हण. माझ्यासाठी म्हण."

आयुष्यभर दूधवाल्याला, सिलिंडरवाल्याला, मावश्यांना जिन्यावरून परत बोलावणाऱ्या त्या बाई. मला वाटलं, आता आईलाही काहीतरी ऐकवतील. त्यांनी आईकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "येते."

ते आईला म्हटलं होतं, याबद्दल मला शंका नाही. आई झालेली बाईही कोणाची तरी लेक असते, आणि दोघांना एकाच शब्दात निरोप देता येत नाही. पण तथूने तो ऐकला. त्याने फोटो 'बाहेर'च्या कप्प्यात लावला, अंगठ्याने नीट दाबला. बाईंनी ते पाहिलं. तोंड उघडलं, पण जिन्यावर माणसं खोळंबली होती, यजमान उचलू लागले होते, आणि त्यांच्यात एका वाक्यापुरतंच बळ होतं ते वापरून झालं होतं. गाडीत त्या मला एवढंच म्हणाल्या, "सर, चुकलं."

बाई परत आल्या नाहीत. यजमानांनी सांगितल्याप्रमाणे सगळं केलं. फोटो खाली लावला, 'आई नाही' म्हणाले. तथूने तो काढून 'बाहेर'मध्ये लावला. त्यांनी परत खाली लावला. तथूने त्यांचा हात धरून मनगटाला चावा घेतला, आणि फोटो वर लावला. मग म्हणाला, "येते." मी शिकवलेल्या व्याकरणात 'मी येते' आणि 'ती येते' यांचं रूप एकच आहे. तो आईचं वाक्य परत करत होता की बापाला माहिती देत होता, हे त्यावरून कळायला वाव नाही. यजमानांनी मनगटाला रुमाल बांधला. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला नाही, आणि करा असं सांगायला माझी जीभ रेटली नाही.

याला आता काही वर्षं झाली. मी निवृत्त होऊन शहरात लकडगंजकडे मुलाच्या घरी राहायला आलो. रविवारी बसने कोराडीला जातो. तथूचे बाबाही लवकरच निवृत्त होतील, मग क्वार्टर सोडावं लागेल. कुठे जायचं ते त्यांना माहीत नाही; जिथे जाऊ तिथे हे फाटक नसेल, आणि मग तथू काय करील, हे कोणालाच माहीत नाही. आम्ही चहा पितो. फळीवरच्या बाईंच्या फोटोवर राखेचा थर बसलाय. तथू कोणाला पुसू देत नाही. आत चेहरा आहे हे आता आठवणीनेच दिसतं.

निघताना मी अजून नियम पाळतो. "जातो तथू. रविवारी वापस." तो माझा तो पोलिसी फोटो 'घरी'मधून काढतो आणि 'बाहेर'च्या कप्प्यात, आईच्या शेजारी लावतो. मग माझ्याबरोबर खाली उतरतो. मला पोचवायला नाही. त्याची फाटकाशी उभं राहायची वेळ झालेली असते. उन्हाळ्यात बाबा त्याच्या डोक्याला ओला दुपट्टा बांधून देतात.

गेल्या रविवारी कॉलनीत नवा चौकीदार होता. त्याला काही ठाऊक नव्हतं. त्याने आपलं बोलायचं म्हणून विचारलं, "काय करून राहिला गा, भाऊ?"

तथू रस्त्याकडे पाहत म्हणाला, "आई येऊन राहिली."

वाक्य निर्दोष आहे. आमच्याकडे चालू असलेली, अजून पुरी न झालेली क्रिया अशीच सांगतात. चौकीदाराने मान डोलावली, आणि फाटक थोडं उघडं ठेवलं.